नाक कोणाचे, तोंड कोणाचे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर निवडणुकीच्या राजकारणात कधी पडले नाहीत. पण नगरपालिकेचे अंदाजपत्रक मात्र दरवर्षी हातात पेन्सिल घेऊन वाचायचे. पुढारी काय बोलतो ते सोडा, कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम टाकली ते बघा, असे त्यांचे सांगणे असे. आज मी बोलणार आहे अमेरिकेबद्दल, पण सरांच्या वळणाने. स्थलांतरितांना आत घ्यावे की हाकलावे, हा वाद तुम्ही रोज ऐकता. त्या हाकलण्याचे पैसे कोण देते, कसे देते आणि द्यायचे नसतील तर काय होते, हा माझा विषय.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला अमेरिकी लष्कराचे एक मालवाहू विमान उतरले. त्यातून १०४ भारतीयांना बेड्या घालून परत पाठवले होते. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. आपल्या संसदेत गदारोळ झाला, तो बेड्यांवरून, आणि व्हायलाच हवा होता. पण त्या बेड्या, ते विमान, त्याआधीचे कोठडीतले दिवस या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो पैसा राष्ट्राध्यक्षांच्या खिशातला नसतो. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहून ठेवले आहे की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून काहीही काढता येणार नाही. मंजुरी देणार काँग्रेस, म्हणजे तिथली संसद.

ही तरतूद आपल्यालाही परकी नाही. आपल्या राज्यघटनेचा ११४ वा अनुच्छेद हेच सांगतो. ती किती मोलाची आहे, हे कळायला नामदार गोखले आठवावेत. १९०२ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. तिजोरीत शिल्लक पडत असताना मिठावरचा कर कशाला, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. पण १८९२ च्या कायद्याने सभासदांना चर्चेची मुभा दिली होती, मताची नव्हती. भाषण गाजले, अंदाजपत्रक होते तसेच राहिले. वर्षानुवर्षे हेच. अमेरिकेतल्या लोकप्रतिनिधींच्या हातात ते मत १७८९ पासून आहे. त्यांनी त्याचे काय केले, ते आता बघू.

एक फरक आधी सांगतो. आपल्याकडे खर्चाची मागणी सभागृहात पडली तर सरकार पडते. तिकडे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला असतो. पैसे नामंजूर झाले तर सरकार पडत नाही, बंद पडते. यालाच शटडाउन म्हणतात, आणि ही काही वॉशिंग्टन-जेफरसनच्या काळापासूनची परंपरा नव्हे. मंजुरीविना खर्च करू नये, असा कायदा १८८४ चा आहे. पण मंजुरी लांबली तरी कचेऱ्या चालू राहत, पैसे मागाहून येतील असे सगळे धरून चालत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिले की नाही, पैसे नाहीत तर काम नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अपवाद जोडला: जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचे काम मात्र चालू ठेवता येईल. या अपवादाच्या पोटात पुढचे सगळे रामायण आहे. कारण सीमेवरचा पहारा आणि धरपकड हे ‘जीवित-मालमत्तेचे रक्षण’ ठरले. त्या धरपकडीवर देखरेख ठेवणारा कारकून मात्र घरी बसला.

दुसरी गाठ २००२ मध्ये पडली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बावीस वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र करून गृहसुरक्षा खाते उभारले गेले. मार्च २००३ पासून ते कामाला लागले. हद्दपारीचे काम करणारी आयसीई त्यात आली, सीमा पोलीस आले. त्याच खात्यात तटरक्षक दल आले, विमानतळावर तुमची बॅग तपासणारे आले, पूर-वादळात मदतीला धावणारी फेमा आली, राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षकही आले. आता कोणाला आयसीईचे पैसे अडवायचे असतील, तर एकाच विधेयकात तटरक्षकाचाही पगार अडतो. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात. इथे तर सुके बाजूला राहते आणि ओलेच जळते. कसे, ते पुढे येईलच.

आणि हा वाद अंदाजपत्रकात घुसलाच का? कारण त्याची खरी जागा बंद झाली. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना सामावून घेणारा मोठा कायदा शेवटचा झाला तो १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात. त्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि पुढे बेकायदा माणसे कामावर ठेवणाऱ्यांना दंडाची तरतूद केली. दर्जा मिळाला, दंडाचे फारसे काही झाले नाही. कडक अंमलबजावणी मागणाऱ्यांच्या मनात तेव्हापासून आपण फसवले गेलो ही भावना आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. जून २०१३ मध्ये सेनेटने दोन्ही पक्षांची मते घेऊन ६८ विरुद्ध ३२ असे एक व्यापक विधेयक मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. कायदा करायचा नाही म्हटल्यावर भांडायला उरले काय? वर्षाचा खर्च, जो मंजूर करावाच लागतो.

नाक दाबले की तोंड उघडते, या हिशेबाने मग एकामागून एक सगळ्यांनी नाके दाबून पाहिली.

पहिली पाळी रिपब्लिकनांची. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी लाखो पालकांना हद्दपारीपासून संरक्षण देण्याचा आदेश काढला. तो मागे घ्या, नाहीतर गृहसुरक्षा खात्याचे पैसे अडवतो, असे प्रतिनिधिगृहाने ठरवले. गंमत बघा: ज्या कार्यालयातून ही संरक्षणे द्यायची होती ते अर्जदारांच्या फीवर चालते. खाते बंद पडले असते तरी ते उघडेच राहिले असते. पगार अडले असते सीमा पोलिसांचे, म्हणजे ज्यांना बळ द्यायचे म्हणून हा घाट घातला होता त्यांचेच. ओबामांचा आदेश फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रोखला, आणि मार्चच्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहाने मुकाट्याने विनाअट पैसे मंजूर केले.

दुसरी पाळी डेमोक्रॅटांची, जानेवारी २०१८. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या सुमारे सात लाख तरुणांचे संरक्षण ट्रम्प यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये काढून घ्यायला सुरुवात केली होती. ते परत द्या, तरच पैसे. तीन दिवस सरकार बंद राहिले. चर्चा घडवून आणू, एवढ्या शब्दावर माघार झाली. फेब्रुवारीत चर्चा झाली, सगळे प्रस्ताव पडले.

तिसऱ्या पाळीला मात्र खुद्द राष्ट्राध्यक्षच नाक दाबायला निघाले, आणि तिथे जरा थांबायला हवे.

मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधू आणि पैसे मेक्सिको देईल, ही २०१६ च्या प्रचारातली घोषणा. डिसेंबर २०१८ पर्यंत ती ५.७ अब्ज डॉलर अमेरिकी काँग्रेसने द्यावेत इथवर आली होती. ११ डिसेंबरला ट्रम्प यांनी पेलोसी आणि शूमर या विरोधी नेत्यांना आपल्या कार्यालयात बोलावले आणि कॅमेऱ्यांसमोर जाहीर केले की सीमासुरक्षेसाठी सरकार बंद पाडायला मला अभिमानच वाटेल, खापर तुमच्यावर फोडणार नाही. आठवड्याभरात सेनेटने भिंतीविना हंगामी खर्च, म्हणजे आपल्या लेखानुदानासारखी तरतूद, आवाजी मताने मंजूर केली. राष्ट्राध्यक्षांनी ती नाकारली. २२ डिसेंबरपासून सरकारचा साधारण चौथा हिस्सा बंद झाला. वर्षाच्या खर्चाच्या बारा विधेयकांपैकी पाच आधीच मंजूर झाली होती म्हणून निदान सैन्य आणि आरोग्य खाते वाचले.

आठ लाख कर्मचारी. त्यांतले निम्म्याहून थोडे कमी घरी, बाकीचे कामावर, दोघेही बिनपगारी. ११ जानेवारी २०१९ ला पगाराचा दिवस होता. पगारपत्रक नेहमीप्रमाणे निघाले: मूळ वेतन शून्य, हाती येणारी रक्कम शून्य. लोकांनी त्या पत्रकांचे फोटो काढून जगाला दाखवले. गणवेशातले तटरक्षक अन्नदानाच्या रांगेत उभे राहिले.

आता ज्या कामासाठी हे सगळे चालले होते, त्याचे काय झाले ते ऐका. ज्याला हद्दपार करायचे, त्याचा खटला स्थलांतर न्यायालयात चालतो. या न्यायालयांचे न्यायाधीश स्वतंत्र न्यायपालिकेत नसतात, न्याय खात्याचे नोकर असतात. त्या खात्याचे पैसे अडलेले. कोठडीत नसलेल्यांच्या सुनावण्या रद्द झाल्या, आणि प्रलंबित खटले आधीच आठ लाखांच्या वर गेलेले. एखाद्याचा खटला कच्चा असेल, हद्दपारी नक्की असेल, तर त्याला आयती मुदतवाढ मिळाली. ज्याचा दावा सच्चा, तीन वर्षे तारखेची वाट पाहिली, साक्षीपुरावा गोळा केला, तो पुन्हा रांगेच्या शेवटी. आणखी एक. कामावर घेतलेला माणूस कायदेशीर आहे की नाही हे मालकाला तपासता यावे म्हणून ई-व्हेरिफाय नावाची सरकारी संगणक-यंत्रणा आहे. तीही बंद. बेकायदा कामगार रोखण्यासाठी सरकार अडवले आणि बेकायदा कामगार ओळखण्याचे यंत्र पहिल्या दिवशी झाकून ठेवले! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

पस्तिसाव्या दिवशी, २५ जानेवारीला, पुरेसे हवाई नियंत्रक कामावर नाहीत म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी उड्डाणे रोखून धरावी लागली. त्याच दुपारी राष्ट्राध्यक्षांनी भिंतीविना सरकार उघडले. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा की अर्थव्यवस्थेची ११ अब्ज डॉलरची हानी झाली, आणि त्यातले ३ अब्ज कायमचे गेले. फेब्रुवारीत तडजोड झाली ती १.३७५ अब्ज डॉलरवर. ट्रम्प यांनी सही केली आणि त्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, राष्ट्रीय आणीबाणी पुकारून लष्करी बांधकामाचे ३.६ अब्ज आणि आणखी काही खात्यांतले पैसे भिंतीकडे वळवले. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल तळावर सैनिकांच्या मुलांसाठी शाळा बांधायची होती. ती लांबणीवर पडली. आणीबाणी रद्द करण्याचा ठराव सेनेटमध्येही ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला, त्यात बारा रिपब्लिकन होते. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तो त्यांचा पहिला.

माझ्या मते खरी कलाटणी ती होती. पस्तीस दिवसांच्या बंदने लोकांचे हाल झाले. आणीबाणीने मात्र दाखवून दिले की काँग्रेसने नाही म्हटले तरी पैसे मिळू शकतात.

तिजोरीची सत्ता बारकाईने वापरली तर काय होते, याचेही एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २००९ च्या खर्चविधेयकात वेस्ट व्हर्जिनियाचे ज्येष्ठ सेनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने एक ओळ आली: आयसीईने किमान ३३,४०० कोठडीखाटा राखाव्यात. पुढे आकडा ३४,००० झाला. खाटा राखायच्या की भरायच्या, यावर अधिकारी आणि काँग्रेसचे सभासद वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. गुन्हे किती, माणसे किती, हे न बघता आधी खाटांचा आकडा ठरवणे मला अडाणीपणाचे वाटते. ती ओळ २०१७ मध्ये गेली. २०१९ च्या तडजोडीत उलट बाजूने प्रयत्न झाला: देशाच्या आतल्या भागात पकडलेल्यांसाठी १६,५०० खाटांची कमाल मर्यादा घाला, असे डेमोक्रॅट म्हणाले; टिकले नाही. पण बघा, दोन्ही वेळा प्रश्न एका ओळीत, एका आकड्यात मांडला गेला होता, आणि त्यावर हो किंवा नाही म्हणता येत होते. सरांना आवडले असते.

शहरांची अडवणूक करण्यासाठीही हाच पैसा वापरून झाला. ज्या शहरांचे पोलीस आयसीईला मदत करत नाहीत त्यांचे केंद्रीय अनुदान तोडा, असा आदेश ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये काढला. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी तो अडवला. कारण साधे होते: अनुदानाला अटी घालायचा अधिकार काँग्रेसचा, राष्ट्राध्यक्षांचा नव्हे. २०२५ मध्ये तसेच आदेश पुन्हा निघाले आणि त्यांनीच पुन्हा अडवले.

आता २०२५ कडे येतो. नेहमीच्या खर्चविधेयकाला सेनेटमध्ये अडथळा ओलांडायला शंभरांपैकी साठ मते लागतात. म्हणून विरोधकांशी बोलावे लागते. पण अंदाजपत्रकाच्या मेळासाठी वापरता येणारी एक वेगळी वाट आहे, तिथे साधे बहुमत पुरते. १ जुलैला सेनेटमध्ये ५०-५० मते पडली, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी निर्णायक मत दिले. ३ जुलैला प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. ४ जुलैला सही. करकपातीच्या त्या जाडजूड कायद्यात भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलर, कोठड्यांसाठी ४५ अब्ज, आयसीईच्या भरती आणि कारवायांसाठी सुमारे ३० अब्ज. आयसीईचे तोवरचे वार्षिक अंदाजपत्रक दहा अब्जांच्या आसपास होते. आणि हे पैसे एका वर्षाचे नाहीत. ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत खर्चायला मोकळे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतच सैन्याविषयी एक कलम आहे. खडे सैन्य राजाच्या हातात गेले की काय होते, हे इंग्रजांच्या राज्यात भोगलेल्या लोकांनी ते लिहिले: सैन्यासाठी दोन वर्षांपेक्षा अधिक मुदतीची आर्थिक तरतूद करता येणार नाही. शस्त्रधारी माणसांचा पगार मागायला सरकारने वारंवार दाराशी यावे, हा त्यामागचा हेतू. आयसीई म्हणजे सैन्य नव्हे, त्यामुळे कायद्याच्या अक्षराला धक्का लागलेला नाही. पण देशाच्या आत, रस्त्यारस्त्यांत, लोकांच्या घरांच्या दाराशी वावरणाऱ्या शस्त्रधारी दलाला चार वर्षांचा शिधा एकदम भरून देणे हे त्या कलमाच्या हेतूला धरून आहे, असे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

परिणाम लगेच दिसला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, त्रेचाळीस दिवस सरकार बंद होते. भांडण आरोग्यविम्याच्या सवलतींचे होते. तरी त्यातही बेकायदा स्थलांतरितांना फुकट उपचार हवेत म्हणून हे चालले आहे असा प्रचार झालाच, जरी त्या सवलती त्यांना कायद्यानेच मिळत नाहीत. त्या काळात हवाई नियंत्रकांचा अख्खा पगार अडला. आयसीई आणि सीमा पोलिसांचे पगार जुलैच्या कायद्यातल्या पैशांतून झाले.

या बंदची झळ आपल्या माणसांनाही लागली, पण वेगळ्या दाराने. एच-१बी व्हिसाचा अर्ज फीवर चालणाऱ्या कार्यालयात जातो, ते उघडे असते. पण त्याआधी श्रम खात्याकडून वेतनाविषयीचे एक प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते खाते बंद. ऑक्टोबर २०१३ मध्येही हेच झाले होते, २०२५ मध्येही. एडिसनमध्ये किंवा डल्लासमध्ये राहणारा, सगळे नियम पाळणारा, नोकरी बदलू पाहणारा पुण्या-नाशिकचा इंजिनिअर त्या प्रमाणपत्रासाठी अडकला. ज्याच्याकडे कागदच नाही त्याला शोधणारी गाडी मात्र पेट्रोल भरून फिरत होती.

जानेवारी २०२६ मध्ये मिनिआपोलिस शहरात संघीय अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी तीन आठवड्यांच्या आत दोघांचा जीव गेला. दोघेही अमेरिकी नागरिक. डेमोक्रॅटांनी गृहसुरक्षा खात्याच्या खर्चाला अटी घातल्या: अधिकाऱ्यांनी तोंडावरचे मुखवटे काढावेत, अंगावर कॅमेरे लावावेत, घरात शिरायचे तर न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आणावे. ही शेवटची मागणी कोणाला क्षुल्लक वाटेल. आयसीईकडे असते ते बहुतेकदा प्रशासकीय वॉरंट, त्यावर सही त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची. पकडणाराही तोच, परवानगी देणाराही तोच. मला या तिन्ही मागण्या रास्त वाटतात. पण १४ फेब्रुवारीपासून खात्याचे वार्षिक पैसे तुटले तेव्हा पहिला फटका कोणाला बसला? बॅग तपासणाऱ्याला, तटरक्षकाला, फेमाच्या माणसाला. ज्याचे तोंड उघडायचे होते त्याचे नाक चिमटीत नव्हतेच.

डेमोक्रॅटांनी हे ओळखायला हवे होते. आणि जे रिपब्लिकन आज खूश आहेत, त्यांनीही एक विचारून पाहावे: उद्या दुसऱ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असेच ५१ मतांनी चार वर्षांचे पैसे आपल्या आवडत्या खात्याला देऊन मोकळा झाला, तर वर्षातून एकदा त्याला जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

हद्दपारी किती व्हावी, कोणाची व्हावी, हा अमेरिकेच्या मतदारांचा प्रश्न आहे. मी इथे बसून त्यांना शिकवणार नाही. सीमा असते तिथे पहाराही असतो. माझा आक्षेप पहाऱ्याचा हिशेब विचारण्याची वेळच काढून टाकण्याला आहे.

आता तारखा तेवढ्या सांगतो आणि थांबतो. नोव्हेंबर २०२६ मध्ये अमेरिकेत नवे प्रतिनिधिगृह निवडले जाईल. ते आयसीईला नवा पैसा नाकारू शकेल. आधी दिलेला परत घ्यायचा तर नवा कायदा लागेल, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही किंवा दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते. ट्रम्प यांची मुदत २० जानेवारी २०२९ ला संपते. त्यांनी सही करून दिलेले पैसे त्यानंतरही आठ महिन्यांहून अधिक काळ खर्चता येतील.